एक तासाचा ‘आपला माणूस’

आज बोलायचंय एका मंत्राबद्दल. घाबरू नका, लिंबू-मिरची लागणार नाही. फार तर वीस बाजूंचा एक फासा लागेल.

मी नगरचा. म्हणजे आता अहिल्यानगर, २०२४ पासून कागदोपत्री तेच आहे, पण तोंडातून अजून ‘नगर’च जातं, सांभाळून घ्या. सावेडीत माझ्या खोलीवर दर रविवारी दुपारी आम्ही पाच जण सतरंजीवर बसून डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो. सगळे चोविशी-पंचविशीतले, सगळे नोकरी नाहीतर नोकरीच्या शोधात. खेळ पूर्ण मराठीत. फक्त स्पेलची नावं इंग्रजी.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी अर्ध्या मिनिटात सांगतो. एक जण डीएम असतो, तो गोष्ट सांगतो आणि गोष्टीतली बाकीची सगळी माणसं तोच बोलतो. त्या माणसांना एनपीसी म्हणतात. उरलेले खेळाडू प्रत्येकी एकेक पात्र घेतात. जे सहज घडेल की नाही सांगता येत नाही, तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा, म्हणजे डी-ट्वेन्टी. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत हा खेळ काढला. आमच्यात डीएम मी. एक विझार्ड, एक फायटर, एक क्लेरिक आणि एक रोग. रोग म्हणजे आजार नाही बरं का! दबक्या पावलांनी जाणारी, कुलपं उघडणारी, हेरगिरी करणारी. ती मैत्रीण दर वेळी नवीन माणसाला स्वतःची ओळख ‘मी ह्या ग्रुपचा रोग आहे’ अशीच करून देते.

आमची गोष्ट घडते १५९५ सालच्या नगरमध्ये. बाहेर अकबराचा मुलगा मुराद मोगल फौज घेऊन बसलाय, आत किल्ल्यात चांदबीबी. इतिहास खरा, त्यात थोडी जादू माझी.

तर चौथ्या रविवारी काय झालं, ते सांगतो. ते सांगायला मला जरा जड जातंय, पण ते सांगितल्याशिवाय पुढचं बोलण्यात अर्थ नाही.

सगळे किल्ल्याकडे निघालेत, वाटेत एका सराईत मुक्काम. सराई चालवणारी एक बाई आहे. आमचा विझार्ड म्हणाला, ‘मी हिच्यावर चार्म पर्सन टाकतो. आणि म्हणतो, चल, वर खोलीत चल.’ सगळे हसले. मीही हसलो. फासा टाकला, चार पडला. सेव्हिंग थ्रो फेल. आणि मी, डीएम म्हणून, बोलून गेलो: ‘ती लाजून हसते आणि जिना चढायला लागते.’

पुन्हा हशा. आणि मग माझं लक्ष गेलं की चौघांपैकी तिघंच हसतायत. आमची रोग फासे पिशवीत भरत होती. ‘उशीर झाला,’ म्हणाली आणि गेली. पुढचे दोन रविवार आली नाही.

मी मेसेज केला, ‘काय गं, बरी आहेस ना?’ तिने फोनच केला. म्हणाली, ‘मी ज्या रस्त्याने रोज जाते ना, तिथल्या भिंतीवर एक पोस्टर आहे. प्रेमात अपयश, मनासारखी मुलगी वश, चोवीस तासांत. खाली मोबाइल नंबर. त्या वाक्यात एक बोलणारा आहे, एक बाबा आहे आणि एक मुलगी आहे. ती मुलगी रोज मी असते. रविवारी दोन तास तरी मी दुसरं कुणीतरी असते म्हणून येते मी तुमच्याकडे.’

मला काही सुचेना. मी ‘सॉरी’ म्हणालो. ती म्हणाली, ‘त्या बाईचं नाव काय होतं रे?’

मी वही उघडली. वहीत लिहिलं होतं: सराई, भाकरी, घोड्यांना चारा, बाई.

नाव नव्हतं.

मंडळी, ही चूक विझार्डची नाही, माझी आहे. त्याने वाट्टेल ते मागितलं असेल, ‘हो’ मी म्हणालो. आणि गंमत म्हणजे नियमही तसं म्हणत नाही! मी त्या रात्री नियमांचं पुस्तक पुन्हा नीट वाचलं. आज तुम्हाला तेच सांगायचंय.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीत चार्म पर्सन काय करतो? तो पहिल्या पातळीचा मंत्र आहे. तीस फुटांच्या आतल्या एका माणसावर चालतो, एक तास टिकतो. ज्याच्यावर टाकला त्याला तुम्ही ओळखीचे, मैत्रीतले वाटता. बस. प्रेमात पडत नाही, गुलाम होत नाही, अक्कल गहाण टाकत नाही. तो तुमच्यावर हल्ला करणार नाही, आणि त्याच्याशी बोलताना तुम्हाला दोन फासे टाकून मोठा आकडा घेता येतो. आणि शेवटचं वाक्य, जे सगळे विसरतात: मंत्र उतरला की त्याला कळतं, आपल्यावर ह्याने जादू केली होती.

आता ‘ओळखीचा, मैत्रीतला’ हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको. आपलं अर्धं आयुष्य ह्याच एका मंत्रावर चालतं. दाखला काढायचाय, ‘तिथं कुणी ओळखीचं आहे का?’ दवाखान्यात नंबर लावायचाय, ‘आपला माणूस आहे का आत?’ चार्म पर्सन म्हणजे एक तासाचा आपला माणूस. एवढंच.

आणि आपला माणूस काय करतो, तेही आपल्याला पाठ आहे. तो खुर्ची देतो. चहा सांगतो. कुठला फॉर्म, कुठली खिडकी, साहेब किती वाजता येतात, हे खरं खरं सांगतो. फार झालं तर तुमची फाइल वरती ठेवतो. पण तिजोरीची किल्ली देतो का? नोकरी जाईल असं काही करतो का? आणि ओळखीची बाई, केवळ ओळख आहे म्हणून, तुम्ही म्हणाल तिथे येते का? हा प्रश्न नुसता उच्चारला तरी सराईतल्या प्रसंगात मी काय माती खाल्ली ते कळतं.

जरा आकडेही बघू, कारण बऱ्याच जणांना वाटतं मंत्र टाकला की झालं काम. पहिल्या लेव्हलचा विझार्ड, बुद्धीचा बोनस तीन. त्याच्या मंत्राविरुद्ध पहारेकऱ्याला तेरा किंवा जास्त पाडावे लागतात. साध्या पहारेकऱ्याला त्यात बोनस शून्य. म्हणजे एक ते बारा पडले तर तो फसला, साठ टक्के. आणि तलवारी आधीच उपसलेल्या असतील तर त्याला दोन फासे मिळतात, म्हणजे फसण्याची शक्यता छत्तीस टक्क्यांवर येते. म्हणून आधी भांडण आणि मग मैत्री, हे चालत नाही.

समजा फसला. आता त्याच्याकडून अवघड काही हवंय, पंधरा पाडायचेत. आमच्या विझार्डचा करिश्मा आठ, म्हणजे उणे एक. पुस्तकात हुशार, बोलण्यात मठ्ठ, असतात असे. त्याला सोळा किंवा जास्त हवेत. नुसत्या एका फाशावर पंचवीस टक्के. चार्ममुळे दोन फासे मिळाले तरी चव्वेचाळीसच्या आत. म्हणजे मंत्र लागूनसुद्धा निम्म्याहून जास्त वेळा तो माणूस नाहीच म्हणतो. मंत्र दार उघडत नाही, दाराशी उभं राहू देतो. बोलायचं तुम्हालाच आहे.

आधी असं नव्हतं. १९७४ च्या पहिल्या नियमांत ह्या मंत्राला मुदतच नव्हती, कुणी मोडून काढेपर्यंत चालायचा. १९७८ च्या पुस्तकात मुदत होती, ती बुद्धीवर. बुद्धी अठरा असेल तर दोन दिवसांनी सुटायची संधी, तीन किंवा कमी असेल तर तीन महिन्यांनी! २०१४ मध्ये ती आली एका तासावर, वर ‘त्याला कळतं’ हे वाक्य. माझ्या मते ही सुधारणा फार मोठी आहे. कारण त्या एका वाक्याने समोरचा बाहुला राहत नाही. त्याला आठवण असते, राग असतो, उद्याचा दिवस असतो.

आणि मंडळी, हे आपल्याकडे कुणाला नवीन नाही. आपल्याच जिल्ह्यात बघा. नेवाशाला प्रवरेकाठी मोहिनीराजाचं देऊळ आहे. ज्ञानेश्वरांनी जिथे १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली, तेच नेवासे. मोहिनी म्हणजे विष्णूने घेतलेलं रूप. अमृताचा कलश असुरांच्या हातात होता, तो त्यांनी स्वतःहून तिच्या हातात दिला. बळजबरी नाही, मारामारी नाही, खुशीने दिला. चार्मचं ह्याहून मोठं उदाहरण नाही. पण पुढचं बघा. एक राहू सावध राहिला. आमच्या भाषेत त्याचा सेव्हिंग थ्रो पास झाला. तो वेष बदलून देवांच्या पंगतीत बसला, सूर्य-चंद्रांनी ओळखलं, डोकं उडालं, पण वैर संपलं नाही. आजही ग्रहण लागलं की तीच गोष्ट सांगतात. राहुरी गावाचं नावही लोक त्याच राहूशी जोडतात. आणि मोहिनीचं रूप उतरलं तेव्हा काय झालं? देव-असुरांचं युद्ध. अमृत मिळालं, पण शांतता नाही मिळाली. मंत्र उतरल्यावरचा हिशोब पुराणातसुद्धा चुकलेला नाही.

दुसरी गोष्ट नाथांची. पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथांची समाधी, रंगपंचमीची यात्रा तुम्हाला माहीत असेल. आपल्याकडे श्रावणात घरोघरी नवनाथांची पोथी लागते. त्यात मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात जाऊन तिथेच रमतात. गुरूला सोडवायला गोरक्षनाथ जातात, ते तलवार घेऊन नाही, मृदंग घेऊन. वाजवणाऱ्यांच्या मेळात शिरतात आणि मृदंगाच्या बोलातून गुरूला हाक देतात. आमच्या खेळात बार्डला सहाव्या लेव्हलला एक शक्ती मिळते, काउंटरचार्म. गाऊन-वाजवून सोबत्यांना मोहिनीविरुद्ध टिकायला मदत करायची. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा म्हटलं, अरे, हे तर आपले गोरक्षनाथ!

पण ती भिंतीवरची पोस्टरं म्हणजे गोष्ट नाही, हेही बोलायला पाहिजे. गोष्टीतल्या मंत्राला सेव्हिंग थ्रो आहे, मुदत आहे, परिणाम आहे. पोस्टरवरच्या बाबाला फक्त फी आहे. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्यात सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे. तेव्हा खेळात मंत्र टाका, भिंतीवरचा नंबर लावू नका.

असो. तर आम्ही काय बदललं ते सांगतो.

एक, ओळखीची कसोटी. कुणीही चार्म टाकला की मी विचारतो, ‘हे काम तुझ्या ओळखीच्या माणसाने तुझ्यासाठी केलं असतं का?’ उत्तर खेळाडूच देतो. नव्वद टक्के वाद तिथेच मिटतात.

दोन, आजूबाजूचे लोक. हा मंत्र मनातल्या मनात होत नाही. मोठ्याने शब्द उच्चारावे लागतात, हातवारे करावे लागतात. भरल्या बाजारात तुम्ही भाजीवाल्या मावशींसमोर हातवारे करून काहीतरी पुटपुटलात, तर शेजारची मावशी गप्प बसेल का? तिच्यावर मंत्र नाही ना!

तीन, घड्याळ. मंत्र लागला की वहीत वेळ लिहायची. गोष्टीतला तास संपला की तो माणूस शुद्धीवर येणार म्हणजे येणार, आणि पुढे काय करणार हे मी तेव्हाच ठरवतो.

चार, खोलीतली खरी माणसं. चार्म वापरून प्रेम, लगट, अंगचटीला जाणं, हे आमच्याकडे बंद. खेळाडूच्या पात्रावर मंत्र टाकायचा तर आधी त्या खेळाडूला विचारायचं. आणि मध्ये एक्स कार्ड ठेवतो. जॉन स्टाव्हरोपोलोस नावाच्या माणसाने काढलेली साधी युक्ती आहे. कार्डावर एक फुली. कुणाला काही नको वाटलं तर कार्डाला हात लावायचा, प्रसंग तिथेच बदलायचा. कारण विचारायचं नाही. आमचं कार्ड एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर काढलंय. पत्रिका माझ्या चुलतभावाची, त्याला सांगू नका.

पाच, एनपीसीला नाव. नाव नसेल तर मंत्र नाही.

तिसऱ्या रविवारी आमची रोग परत आली. मी मनवलं वगैरे काही नाही. ग्रुपवर हे पाच नियम टाकले होते, तिने अंगठा दाखवला आणि आली. विझार्डने सगळ्यांसमोर तिला ‘चुकलं माझं’ म्हटलं. ती म्हणाली, ‘बस खाली, चिवडा दे.’

आणि त्याच दिवशी किल्ल्याचा प्रसंग आला. ह्यांच्याकडे खबर होती: मोगल तटाखाली सुरुंग खणतायत. ती आत पोहोचवायची होती. छोट्या दरवाजावर एक पहारेकरी. विझार्डने मंत्र टाकायच्या आधी विचारलं, ‘ह्याचं नाव काय?’ मी म्हणालो, ‘हैबती.’ फासा टाकला, नऊ. हैबती फसला. ‘अरे, तुम्ही होय!’ म्हणाला, ‘या, या, असे अंधारात काय उभे?’

विझार्ड म्हणाला, ‘दार उघड.’ आणि स्वतःच थांबला. ‘नाही,’ म्हणाला, ‘वेढा पडलाय, ओळखीसाठी कुणी दार नाही उघडणार. मी त्याला विचारतो, जेवलास का?’

मग अर्धा तास, खरोखरचा अर्धा तास, नुसत्या गप्पा. हैबतीची आई बाहेर भिंगारात अडकलीय, तिची खबर नाही. तीन दिवस अर्धी भाकरी. शेवटी हैबतीने दार नाही उघडलं, पण सुरुंगाचा निरोप नायकाला सांगायला गेला. सगळे खूश. आणि मी वहीत बघितलं. तास संपला होता.

हैबती नायकासमोर उभा आहे आणि त्याला कळलं. तो म्हणाला, ‘सरकार, माझ्यावर चेटूक केलंय त्यांनी.’ झालं! आता निरोप खरा असून कुणी विश्वास ठेवेना. वेढ्यातल्या किल्ल्यात विश्वास सगळ्यात महाग. खऱ्या इतिहासात बघा, ह्याच चांदबीबीने फुटलेला तट रातोरात उभा केला, १५९६ मध्ये वऱ्हाड देऊन तह केला, आणि १६०० साली ती मोगलांना मिळाल्याची आवई उठली तेव्हा तिच्याच लोकांनी तिला मारलं. एवढा नाजूक असतो तो.

विझार्ड म्हणाला, ‘माझ्याकडे अजून एक स्लॉट आहे, परत टाकू?’ कुणीच बोललं नाही. मग आमची रोग दरवाजासमोर गेली. शस्त्रं खाली ठेवली. म्हणाली, ‘हैबतीदादा, हो. जादू केली आम्ही तुमच्यावर. चुकलंच. पण निरोप खोटा नाही. मी इथे तुमच्या ताब्यात बसते. तटाला कान लावून बघा. आवाज नाही आला तर माझं जे करायचं ते करा.’

मी फासा उचलला होता. खाली ठेवला. एवढं बोलल्यावर फासा कशाला टाकायचा?

हैबतीने तटाला कान लावला. खालून कुदळीचा आवाज येत होता.

त्या वेढ्यात काही सुरुंग आतल्या लोकांनी खरंच आधीच निकामी केले होते. आमच्या गोष्टीत त्यातला एक हैबतीमुळे निघाला. पण हैबती आमच्या विझार्डशी अजून नीट बोलत नाही. आठ रविवार झाले. विझार्ड दर वेळी विचारतो, ‘आता तरी?’ मी म्हणतो, ‘नाही रे, अजून नाही. त्याच्या आईचा शोध लागला का?’ आता तो भिंगारात तिला शोधतोय. मंत्र न टाकता.

आणि त्या सराईतल्या बाईचं नाव मी ठेवलंय. गोदूबाई. पुढच्या महिन्यात सगळे त्याच वाटेने परत जाणार आहेत. तिला सगळं आठवतंय. ती काय बोलणार, ते मी अजून ठरवलेलं नाही. आमच्या रोगला विचारलं, तू सांगतेस का? म्हणाली, ‘गोदूबाईचं मी बोलते त्या दिवशी. तू गप्प बस.’

बरं. तुमच्या ग्रुपमध्ये कुणी चार्म टाकला असेल तर काय झालं, मला नक्की सांगा. आणि पुढच्या वेळी टाकायच्या आधी समोरच्याचं नाव विचारा. भेटू पुढच्या भागात. येतो.